पलीकडच्या रांगेतला हुंकार

१

दुपारची वीज गेली की बाळासोच्या शेडमध्ये जगबुडी सुरू व्हायची. पुस्तकातली, बरं का.

तासगावच्या बाहेर, विट्याच्या रस्त्याला बाळासोची बेदाण्याची शेड. यंदा त्यानं निवडायचं मशीन आणलं आणि पलीकडची अख्खी रांग रिकामी पडली. तिथं आता क्रेट रचलेले, आणि त्यांच्यामागं हिरव्या जाळीचा ढीग. अलीकडच्या रांगेत बायका उरल्या चारच. वीज असली की मशीन असं खडखडायचं की शेजारणीनं दिलेली शिवीसुद्धा ऐकू येऊ नये. जेवणं झाली की मात्र वीज जायची, मशीन गप व्हायचं, पत्रा उन्हानं टणटण वाजायला लागायचा, आणि एस्तरबाई चष्मा पुसून पिशवीतनं पुस्तक काढायची.

एस्तरबाई मिरजेची, ख्रिस्ती. जन्मभर दवाखान्यात आयाचं काम केलेली. आता लेकीकडं आली होती, आणि घरात बसून अंगाला मुंग्या येतात म्हणून बेदाणा निवडायला यायची. तिचे हात पुस्तकात गुंतले की बाकीच्या तिघी आपापल्या पाटीतली एकेक ओंजळ तिच्या पाटीत टाकायच्या. तसं ठरलंच होतं. वाचणाऱ्याची पाटी रिकामी राहता कामा नये.

पुस्तक शेवटच्या दिवसांचं. कुठल्या तरी परदेशातली गोष्ट, मराठीत केलेली. एका सकाळी आभाळात तुतारी वाजते, आणि प्रभूची म्हणून जेवढी माणसं आहेत तेवढी बसल्या जागेवरनं उचलली जातात. मागं राहिलेल्यांत एक पोस्टमन असतो. पिशवी पत्रांनी भरलेली, आणि घ्यायला कुणी नाही. तो दारोदार हिंडतो. दार उघडं, शेगडीवर दूध उतू चाललेलं, आत माणूस नाही.

"आवं, पण गॅस तरी बंद करू द्यायचा का न्हाई?" दीपमाला म्हणाली. चौघींत ती तरणी, तोंडानं तिखट. "देवाला येवढी कसली घाई? गावं जळतील की अशानं!"

"अगं, मागं राहिलेल्यांची परीक्षा असते ती," एस्तरबाई म्हणाली.

"गॅसची?"

बनुबाईला वेगळीच काळजी. "एस्तरबाय, माज्या सासूला नेतील का वो?"

"विश्वास ठेवला असंल तर नेतील."

"मग न्हाईच नेत. तिचा दूधवाल्यावर बी इस्वास न्हाई."

"आमाला तर कोन उचलायचं?" दीपमाला म्हणाली. "आमी बौद्ध. आमच्यात वर कोन बसल्यालंच न्हाई."

"बरं हाय की," दगडाबाई म्हणाली. "तू ऱ्हा मागं, आमच्या शेरडांना वैरण टाकायला."

"टाकीन. पण मग शेरडं माजी. मागनं परत आलासा तर देनार न्हाई!"

हसून हसून बनुबाईच्या हातनं पाटी सांडायची. एस्तरबाई रागवायची नाही. "ही कादंबरी आहे, शास्त्र नाही," एवढंच म्हणायची, आणि बोट ठेवलेली ओळ पुन्हा धरायची.

हुंकार द्यायचं काम बनुबाईचं. गोष्ट चालली की ऐकणाऱ्यानं हं, हं म्हणायचं, ही इकडची रीत. समोरचं माणूस जागं आहे हे सांगणाऱ्याला कळायला नको? एस्तरबाईला आधी हे विचित्र वाटलं होतं. पुस्तकाला कशाला हुंकार? पण चार दिवसांत तिला अशी गोडी लागली की बनुबाईला जांभई आली तरी ती थांबून बघायची.

दगडाबाई हुंकार द्यायची नाही. तिचा हात बेदाण्यातल्या काड्या वेचायचा, आणि कान पुस्तकात गेलेला असायचा. बाकीच्यांना ठाऊक होतं कशासाठी. बारा वर्षांमागं, मेंढरं घेऊन दोघं कोयनेच्या अंगाला गेलेली असताना, तिचा नवरा कोंडीबा असाच बसल्या जागेवरनं गेला होता. सकाळी ती ओढ्यावरनं पाणी घेऊन आली, तर मेंढरं जागेवर, काठी झाडाला टेकलेली, फडक्यात अर्धी भाकरी. माणूस नाही. रान धुंडाळलं, डोह बघितले, पोलीस झाले, देवऋषी झाले. तो मेला म्हणून कुणी सांगितलं नाही आणि जिता आहे म्हणूनही नाही. दगडाबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं ते तसंच राहिलं.

आता नातीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका छापायला टाकायची होती, आणि सगळं घर एका अक्षरापाशी अडलं होतं. आज्याच्या नावामागं कैलासवासी म्हणून कै. लावायचं, का नाही? लेक सिद्धू म्हणाला होता, "आये, तू सांगशील तसं."

म्हणून तिला पुस्तकाचा शेवट पाहिजे होता. उचललेली माणसं परत येतात का, एवढंच तिला ऐकायचं होतं. देव कुणाचा का असेना.

२

बनुबाईच्या लेकीचं बाळंतपण आलं, आणि ती साताऱ्याला गेली. जाताना तिनं बजावलं, "मी यीस्तवर पोस्टमन मारू नगा."

दुसऱ्या दिवशी वीज गेली. एस्तरबाईनं पुस्तक उघडलं. पोस्टमन एका शाळेत शिरला होता. फळ्यावर अर्धं गणित, बाईंच्या खुर्चीवर चष्मा. वाचन मोठं रंगलं. एस्तरबाईनं एका दमात दोन प्रकरणं वाचली.

चहाला बसल्यावर ती म्हणाली, "दगडाबाई, हुंकार झकास दिलात आज. बनुबाई मेली मध्येच पेंगते."

"म्या?" दगडाबाई म्हणाली. "म्या कुटं? दीपमाला देतीया म्हनून म्या गप हुते."

दोघींनी दीपमालाकडं बघितलं. तिनं कप खाली ठेवला.

"मावशी, बाळासोदादाला सांगू नगा," ती हळूच म्हणाली, "पण माज्या तोंडात बेदाना हुता. दुपारभर."

आधी तिघी हसल्या. मग हसू एकेकीचं आटत गेलं. हुंकार आला होता, हे तिघींच्याही कानानं ऐकलं होतं. घशातनं येणारा, जाडसर, दर वाक्याला. तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नव्हतं, कारण हुंकार कुठनं येतो हे कोण बघतं? आता आठवून बघितलं तर तो डाव्या हाताकडनं आला होता.

डाव्या हाताला पलीकडची रांग होती.

३

बाळासोला सांगितलं तर तो म्हणाला, "पारवं घुमत्यात ती. पत्र्याखाली घरटी हायत."

दगडाबाईला हे मनापासून पटलं. पारवा घशातनंच घुमतो. उन्हाच्या तलखीत जास्तच घुमतो. तिनं मनाला सांगितलं, पारवंच ते. फक्त एका गोष्टीचा मेळ बसेना. पारवा काही वाक्य संपायची वाट बघत नाही.

दीपमाला कुणाला भ्यायची नाही. तिनं त्या दिवशी परीक्षाच घेतली. औषधाचा डबा उचलला आणि त्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचला. "लहान मुलांपासून दूर ठेवावे!" पलीकडं सगळं गप. मग पेपर काढला आणि द्राक्षाचे भाव वाचले. पलीकडनं हूं नाही की चूं नाही.

"आता तुमी वाचा," ती एस्तरबाईला म्हणाली.

एस्तरबाईनं घसा साफ केला. "पोस्टमन पुलावर आला. खाली नदी होती, पण नावेत कोणी नव्हते."

"हं," पलीकडनं आलं.

"बगा!" दीपमालानं टाळी वाजवली. भीतीपेक्षा तिला जिंकल्याचा आनंद मोठा. "भाव वाचला तर हूं केलं न्हाई. म्हंजी शेतकरी न्हवं. मेंढका असंल बगा कोन तरी..."

आणि तिनं जीभ चावली. दगडाबाईचा हात बेदाण्यात तसाच राहिला होता.

थोड्या वेळानं दगडाबाई उठली, लुगड्याला हात पुसले आणि क्रेटांना वळसा घालून पलीकडं गेली. दोघी बसल्या जागेवरनं माना लांब करून बघत राहिल्या. तिथं कुणी नव्हतं. पत्र्याला खिळ्यांची भोकं पडलेली, त्यातनं उन्हाचे कवडसे खाली फरशीवर पडलेले, शेंगदाण्याएवढे, ओळीनं. बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास. भिंतीपाशी जाळीचा ढीग. ढीग मधोमध दबलेला, कुणी जड माणूस मांडी घालून बसावं तसा.

तिनं हात लावला. भर उन्हाचं, तापल्या पत्र्याखाली, ती जागा थंड होती.

"मांजर बसत असंल," परत येऊन ती म्हणाली.

"केवढं मांजर?" दीपमालानं विचारलं.

दगडाबाई खाली बसून काड्या वेचायला लागली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. रानात मेंढरं बसवली की पालापुढं ती गोष्ट सांगायची आणि कोंडीबा हुंकार द्यायचा. असाच, घशातनं. पण कोंडीबाचा हुंकार अर्ध्या गोष्टीपर्यंतच चालायचा, पुढं घोरणं. इतक्या वर्षांत त्यानं एका गोष्टीचा शेवट ऐकला नव्हता. आणि हा पलीकडचा एकही हुंकार चुकत नव्हता. मग हा तो कसा? आणि तो नाही, तर कोण?

पुढच्या दिवशी एस्तरबाई पान उलटत होती. वाक्य अर्धं त्या पानावर, अर्धं ह्या पानावर. पान उलटायच्या आतच हुंकार आला, पुढचं ऐकायची घाई असल्यासारखा.

तिनं पुस्तक मिटून छातीशी धरलं. "आमच्यात नेलेलं माणूस वर जातं, दगडाबाई," ती म्हणाली. "जाळीवर येऊन बसत नाही."

"मग ह्ये कोन?"

"ते शास्त्रात नाही."

"कादंबरीत?"

एस्तरबाईनं शेवटची पानं अंगठ्यानं फर्रकन चाळली, आणि लगेच सोडून दिली. "आधी शेवट बघायचा नाही," ती म्हणाली. एरवी हा नियम मोडायला तिनं मागंपुढं बघितलं नसतं, आज तिला भीती वाटली.

४

सिद्धू द्राक्षाचा टेम्पो चालवायचा. घरी आला की आधी आईच्या पाटीत हात घालायचा, बेदाण्याचा बकाणा भरायचा आणि मग बोलायचा.

"आये, छापखान्यावाला रोज फोन करतोय. त्येला काय सांगू?"

"दोन दिस थांब म्हनावं."

"कै. लावलं आन् म्हातारं मांडवात हजर झालं, तर पावण्यांम्होरं काय तोंड दाखवायचं?" सिद्धू हसत म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "न्हाई लावलं, तर लोक इचारत्यात, आजा कुटं हाय. पोरगी तरी काय सांगंल? तिला त्येचं तोंड बी आटवत न्हाई."

दगडाबाई परात पुढ्यात ओढून पीठ मळायला लागली. कै. लावलं की पोरीला हळद लावायला ती पुढं होणार नाही, हे तिला कळत होतं. पण कुंकवाचं तिला एवढं नव्हतं. तिला सलत होतं ते निराळं. मेलेल्याला निरोप असतो. गेलेल्याला पोचवायला माणसं जातात. तिच्या माणसाला ना निरोप, ना पोचवणं. नुसती अर्धी भाकरी.

"पुस्तक संपू दे," ती म्हणाली.

"कसलं पुस्तक?"

"जगबुडीचं."

सिद्धूनं आईकडं बघितलं आणि आणखी एक बकाणा भरला.

५

शेवटचं प्रकरण निघालं त्या दिवशी वारं पडलं होतं. पारवेसुद्धा गप. दीपमाला दगडाबाईला अगदी खेटून बसली होती, "गार वाटतंय" म्हणून. बाहेर चाळीसच्या वर ऊन.

एस्तरबाई वाचायला लागली. पोस्टमन सगळं गाव फिरून झाला. सगळी दारं वाजवून झाली. आता तो पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात करतो. दर वाक्याला हुंकार येत होता, आणि आज तो क्रेटांच्या मागनं नव्हे, क्रेटांच्या फटीतनं आल्यासारखा येत होता. एस्तरबाईनं बोट दाबून धरलं होतं, ओळ सोडली नाही.

"आणि त्या शेवटच्या दिवसापर्यंत तो दारे वाजवत राहिला. तो वाट पाहत राहिला." तिनं पुस्तक मिटलं. "समाप्त."

"ह्ये काय?" दीपमाला उसळली. भीती कुठल्या कुठं गेली. "येवढे दिस कान देऊन बसलो ते ह्येच्यासाटी? परत आली का न्हाई ती मानसं?"

"विश्वास म्हणजे वाट बघणंच असतं, दीपमाला."

"मग बेदानं निवडत बसायचं! त्येला पुस्तक कशाला?"

"मग?"

हे दीपमाला म्हणाली नव्हती. एस्तरबाई म्हणाली नव्हती. डाव्या हाताकडनं आलं, माणसाच्या साध्या आवाजात, जरा घोगरं.

दीपमालानं दगडाबाईचा दंड धरला. तिची नखं रुतली. एस्तरबाईचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं ती मोठ्यानं म्हणाली, "संपलं. पुस्तक संपलं."

"मग?"

दगडाबाई कान देऊन ऐकत होती. ओळखीचा आहे? तिला सांगता येईना. बारा वर्षांत माणसाचा चेहरा राहतो, आवाज जातो. तो कोंडीबाचा असेल, कुणाचाही असेल. पण गोष्टीत मग म्हणून विचारलं, तर पुढचं सांगावं लागतं. ते पुस्तकात नसलं तर कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं.

तिनं पाटी बाजूला सारली.

"मग," ती म्हणाली, "त्यो पोस्टमन दमला."

"हं."

"शेवटच्या घराच्या पायरीवर बसला. पिशवी उतरवली. दुसऱ्याची पत्रं त्यानं जन्मात वाचली न्हवती. त्या दिशी फोडली."

"हं."

"पयलं फोडलं. दुसरं फोडलं. समद्या पत्रांत एकच लिवलेलं. हिकडं समदी खुशाल हायत. वाट बगू नगा. जेवून घ्या."

एस्तरबाईनं डोळ्याला पदर लावला. हुंकार या वेळी जरा उशिरा आला.

"मग त्यो उठला. घरला गेला. चूल पेटवली. जेवला. आन् लय दिसांनी गाढ झोपला." दगडाबाईनं मांडीवरच्या काड्या झटकल्या. "झाली गोष्ट."

शेडमध्ये काहीच वाजेना. पत्रासुद्धा.

"मग?" हळूच आलं. लेकरू विचारतं तसं.

"मग काय न्हाई," दगडाबाई म्हणाली. "गोष्ट सरली. उठा आता."

आपल्या माणसाला म्हणावं तसं ती उठा म्हणाली. तिचं तिलाच ते नंतर कळलं.

क्रेटांच्या फटीतनं जाळीचा ढीग दिसत होता. तिघींनी बघितलं. दबलेली जाळी सावकाश, करकरत, एकेक पदर सोडत वर आली. मग फरशीवरचे कवडसे. भिंतीपाशीचा पहिला विझला आणि पुन्हा लागला. मग दुसरा. मग तिसरा. ओळीनं, चालीनं, क्रेटांना वळसा घालून अलीकडं. दगडाबाईच्या पाटीवर एक कवडसा पडला होता. तो विझला.

तो लागेना.

आणि वीज आली. मशीन खडखडून सुरू झालं. तिघी अशा किंचाळल्या की बाळासो हिशोब टाकून पळत आला. "काय झालं? साप हाय काय?"

"न्हाई वो," दीपमाला छातीवर हात ठेवून म्हणाली, रडत का हसत ते तिलाच कळत नव्हतं. "पुस्तकाचा शेवट आवडला न्हाई आमाला!"

६

दगडाबाई बाहेर आली. अंगणातल्या नळावर चिकट हात धुतले, आणि सिद्धूला फोन लावला.

"लाव," ती म्हणाली.

"काय लाव?"

"कै. लाव. आन् नाव ठळक छापाय सांग."

तिकडं सिद्धूनं टेम्पो बाजूला घेतला. मग म्हणाला, "बरं, आये." तिनं फोन बंद केला. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण अंग जडच होतं. पाठीवर सावली पडावी तसा गारवा होता, आणि ऊन तर समोरनं डोळ्यांवर येत होतं.

रस्त्यापलीकडं, काढून झालेल्या रानात, माणदेशी कळप चरत होता. ती फाटकापाशी आली तशी मेंढरं चरायची थांबली. आधी पुढची, मग सगळी. माना वर करून तिच्याकडं बघायला लागली. तिच्याकडं तरी कसं म्हणावं? तिच्या डाव्या खांद्याच्या जरा वर.

मेंढका उठून उभा राहिला. "काय बगत्यात वो ही, मावशी?"

दगडाबाईनं मागं वळून बघितलं नाही. वळावंसं लय वाटलं. मान अर्धी फिरली होती. पण बघितलं आणि तो कोंडीबाच निघाला, तर त्याला जा म्हणायला जीभ रेटली नसती. आणि दुसरंच कुणी निघालं तर? तिनं डोळे रस्त्यावर रोवले.

"आता माज्या मागं नगा येऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "म्होरं व्हा. आपल्या म्हसवडच्या देवाची वाट तुमच्या ठावकीची हाय. निगा. म्या हाय हितं उबी, दिसंनासं व्हईपतूर."

हुंकार आला नाही. थोड्या वेळानं पाठीला ऊब लागली.

मेंढरांची तोंडं फिरायला लागली. सगळ्यांची मिळून, सावकाश, तिच्यावरनं रस्त्यावर, रस्त्यावरनं विट्याच्या अंगाला. एक म्हातारी मेंढी दोन पावलं तिकडं चालली आणि थांबली. रस्ता मोकळा होता. डांबरावर नुसती उन्हाची झळ नाचत होती. समोरनं एक मोटारसायकल जोरात आली, हॉर्नवर हॉर्न वाजवत, आणि त्या मोकळ्या रस्त्याच्या मधोमध कुणाला तरी शिवी हासडून, वळसा घालून निघून गेली.

दगडाबाईनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आवं, कडंनं चाला की वो जरा!"